वाचक विचारतात : लहान चणीची कुत्री आणि आपला उन्हाळा

या सदरात एरवी गोठ्यातले प्रश्न येतात. गाय गाभण राहत नाही, म्हशीला कासदाह झाला, शेळ्या एकाएकी दगावल्या, असे. या खेपेस मात्र लहान जातीच्या कुत्र्यांविषयी इतकी पत्रे निघाली, की गाई-म्हशींना पुढच्या अंकापर्यंत थांबवावे लागले. खेड्यात पक्की घरे झाली, मुले शिकायला नागपूर-अमरावतीला राहिली आणि सुटीत येताना पिशवीतून पिल्लू आणू लागली, हे त्याचे कारण असावे. बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : लहान कुत्रा म्हणजे सांभाळायला सोपा, खर्चाला कमी, असेच ना? तीस वर्षे सरकारी दवाखान्यात काढल्यानंतर माझे मत याच्या अगदी उलट नसले, तरी पुष्कळ वेगळे झाले आहे. ते पत्रांच्या ओघात येईलच.

प्रश्न (एक आजोबा, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर) : डॉक्टरसाहेब, नमस्कार. नातवाने पगचा हट्ट धरला आहे. आमचे घर टिनाच्या छताचे आहे, पुढे ओसरी आहे आणि एका खोलीत कूलर आहे. दिवसा लाइट जाते, पण रात्री सहसा राहते. एवढ्यात पगचे भागेल काय?

उत्तर : पग हा स्वभावाने इतका गोड प्राणी आहे, की त्याच्याविषयी प्रतिकूल लिहिताना मला दर वेळी अवघडल्यासारखे होते. वजन सहा ते आठ किलो, मुलांशी सलोखा, भुंकणे बेताचे आणि चावण्याची खोड क्वचित, असे त्याचे गुण आहेत. मूळचा तो चीनचा, तेथील राजवाड्यांत मांडीवर वाढलेला. आपल्याकडे २००३ सालानंतर एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे चालणारा पग दिसू लागला आणि पाहता पाहता तो तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला. जाहिरातीत अर्थात ब्रह्मपुरीचा मे महिना नव्हता.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरचे आणि नाकाच्या आतल्या ओलसर पडद्यावरचे पाणी हवेत उडते आणि त्यामुळे रक्त थंड होते. आपल्या कूलरचे तत्त्व नेमके हेच आहे. ओल्या ताटीतून वारा गेला, की पाणी उडते आणि गारवा येतो. ताटी जितकी मोठी आणि वाऱ्याची वाट जितकी मोकळी, तितका गारवा अधिक. पगचे तोंड माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत चपटे केले. हाडे आखूड झाली, पण आतले मांस त्या मानाने आखूड झाले नाही. त्यामुळे टाळूचा मऊ भाग घशात लोंबतो, नाकपुड्या बारीक चिरेसारख्या असतात आणि वाऱ्याची वाट अडते. म्हणजे ताटी लहान आणि पंख्यापुढे पोते बांधलेले, अशी या कूलरची अवस्था असते. पग झोपेत घोरतो याचे घरच्यांना कौतुक वाटते. ते घोरणे म्हणजे श्वासाची ओढाताण असते.

एक प्रसंग सांगतो. मे महिन्यातील दुपारी दोनचा सुमार होता. एक गृहस्थ दुचाकीवरून अठरा किलोमीटर अंतर कापून पग घेऊन आले. त्यांनी त्याला ओल्या दुपट्ट्यात घट्ट गुंडाळून छातीशी धरले होते आणि आपण योग्य तेच केले अशी त्यांची समजूत होती. दुपट्टा सोडला तेव्हा आतून वाफ यावी तसा ऊबट वास आला, कारण उन्हाच्या झळेने वरचे कापड केव्हाच सुकले होते आणि आतले कापड कुत्र्याच्या अंगाच्या तापाने तापले होते. जीभ जांभळट पडली होती, लाळ दोरीसारखी चिकट झाली होती. गुदद्वारात लावलेला थर्मामीटर १०९ अंश फॅरनहाइट दाखवीत होता. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश असते आणि १०६ च्या पुढे आतले अवयव होरपळू लागतात. तो कुत्रा संध्याकाळपर्यंत गेला. घरीच अंगावर माठातले पाणी ओतत राहून, पंख्याचा वारा घालून मग निघाले असते, तर तो वाचण्याची शक्यता बरीच अधिक होती. हे सर्वच कुत्र्यांना लागू आहे. आधी थंड करावे, मग दवाखान्यात न्यावे. ओले कापड अंगावर गुंडाळून ठेवू नये, शुद्ध हरपलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नये, आणि बर्फाची लादी शोधत वेळ घालवू नये.

आता आपल्या घराविषयी. टिनाखाली दुपारी दोन ते पाच वीज नसेल, तर पगचे भागणार नाही. कूलर चालू असला, तरी खोलीची एक खिडकी उघडी ठेवावी लागते. सगळे बंद केले तर हवा दमट होते आणि दमट हवेत जिभेवरचे पाणी उडत नाही. हीच अडचण जुलैच्या उकाड्यात येते, तेव्हा तापमान उतरलेले असूनही पग धापा टाकताना दिसतो. शिवाय त्याचे डोळे बाहेर आलेले असल्याने धूळ, काडी किंवा मांजराचा पंजा लागून ते लवकर दुखावतात, आणि तोंडावरच्या घड्या रोज पुसून कोरड्या ठेवल्या नाहीत तर कुजतात. नातवाला नाही म्हणणे जिवावर येत असेल, हे मी समजू शकतो. लांब नाकाचा लहान कुत्रा घ्या, असे त्याला सुचवून पाहावे. त्याविषयी पुढच्या पत्राच्या उत्तरात लिहितो.

प्रश्न (एक शेतकरी, ता. चांदूरबाजार, जि. अमरावती) : दोन वर्षांपूर्वी अमरावतीहून पामेरियनचे पिल्लू आणले. विकणाऱ्याने सांगितले होते की हा तीन किलोच्या वर जाणार नाही. आज तो चौदा किलोचा आहे. माझी फसवणूक झाली काय? आणि उन्हाळ्यात त्याचे केस मशीनने पूर्ण काढावेत काय?

उत्तर : नावाची फसवणूक झाली, कुत्र्याची नाही. पांढरा, झुपकेदार, टोकदार तोंडाचा आणि शेपूट पाठीवर वळलेला जो कुत्रा आपण सगळे पामेरियन म्हणून ओळखतो, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. इंग्रजांच्या काळात जर्मन स्पिट्झ जातीची कुत्री इकडे आली आणि त्यांच्यातून भारतीय हवेत टिकणारा हा वाण तयार झाला. त्यात लहान चणीचा साधारण पाच ते सात किलोंचा आणि मोठ्या चणीचा बारा ते वीस किलोंपर्यंतचा असे दोन प्रकार आहेत. आपला कुत्रा दुसऱ्या प्रकारातला आहे. खरा पॉमेरेनियन दोन-तीन किलोंचा असतो. त्याचे नाव बाल्टिक समुद्रकाठच्या पॉमेरेनिया प्रांतावरून पडले. पूर्वी तोही बराच मोठा असे. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने १८८८ साली इटलीतील फ्लॉरेन्सहून लहान चणीचा एक आणला, मग तेथील श्रीमंतांत लहान पॉमेरेनियनची हौस पसरली आणि तो आणखी लहान होत गेला.

आपल्या भागासाठी मी जर एकाच लहान जातीची शिफारस करायची ठरवली, तर ती लहान चणीच्या इंडियन स्पिट्झची करीन. नाक लांब आहे, श्वास मोकळा आहे, आवाज मोठा आहे आणि भाकर-वरणावर तो फारशी कुरकुर करीत नाही. दोष असा, की तो भुंकण्याला कारण शोधत नाही. दूधवाला, पोस्टमन, झाडावरची खार, सगळ्यांना सारखाच न्याय. तो हलक्या वयातच शिकवून आवरावा लागतो. अनोळखी मुलांनी शेपूट ओढली तर तो चावतोही.

केसांविषयी आपला हेतू चांगला आहे, पण वाट चुकीची आहे. स्पिट्झच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे लांब केस ऊन अडवतात आणि खालचा मऊ थर हवा धरून ठेवतो. धाब्याच्या जाड मातीने जुने वाडे आत गार राहत, तसेच काहीसे हे आहे. मशीनने सगळे केस काढले तर कातडीवर थेट ऊन पडते, आणि पुष्कळदा वरचा थर पूर्वीसारखा परत येत नाही, ठिपक्याठिपक्यांनी येतो. त्याऐवजी मार्च-एप्रिलमध्ये खालचा गळणारा थर दाताळ्या कंगव्याने रोज विंचरून काढावा. पहिल्या आठवड्यात घमेलेभर केस निघतील, घाबरू नये. पोटाखालचे आणि पंज्यांमधले केस कात्रीने आखूड केले तरी चालते.

पुढच्या खेपेस पिल्लू घेताना विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता आई पाहावी, जमल्यास बापही पाहावा. वजनाचा अंदाज तेथेच येतो. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकण्यास २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्रीविषयक नियमांनी मनाई आहे, तरीही डोळे उघडल्याबरोबर आईपासून तोडलेली पिल्ले खोक्यात घालून विकली जाताना मी पाहिली आहेत. अशी पिल्ले घेऊ नयेत. ती जगली तरी भित्री आणि चावरी निघतात, कारण चावले की दुखते हे पिल्लू आपल्या भावंडांत खेळतानाच शिकते.

प्रश्न (एक गृहिणी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ) : आमचे घर वावरातच आहे. दिवसभर घरी मी आणि सासूबाई अशा दोघीच असतो. कोणी आले तर कळावे म्हणून लहान पण धीट कुत्रा हवा आहे. डॅशहंड चांगला, असे माझ्या भावाने सांगितले. आमच्याकडे कपाशीची फवारणी चालते, त्याचा त्रास होईल काय?

उत्तर : ताई, आपल्या भावाने धीटपणाचे सांगितले ते खरे आहे. जर्मन भाषेत डॅक्स म्हणजे बिज्जू आणि हुंड म्हणजे कुत्रा. बिळात शिरून बिज्जूला बाहेर काढण्यासाठीच ही आखूड पायांची, लांब अंगाची जात घडवली गेली. आवाज त्याच्या आकाराच्या तिप्पट आहे आणि बाहेर नुसता ऐकला तर मोठा कुत्रा असावा असे वाटते. उंदीर-घुशींचा तो काळ आहे. नाक लांब आणि केस आखूड असल्याने उन्हाळाही तो पगपेक्षा पुष्कळ बरा काढतो. पण वावरातल्या घरी जो गुण, तोच त्याचा घात करू शकतो. बीळ दिसले की तो तोंड घालणार, आणि आपल्याकडच्या बिळात उंदीरच असेल असे नाही. नाग किंवा घोणस माणसाला आणि पाच-सात किलोंच्या कुत्र्याला विष मोजून कमी-जास्त देत नाही. तेवढेच विष लहान अंगात गेले, की वेळ फार थोडा उरतो. म्हणून त्याला कुडाच्या बाहेर मोकळा सोडू नये, आणि घराभोवतीचे काडीकचऱ्याचे, पऱ्हाटीचे ढीग दूर हलवावेत.

दुसरे दुखणे पाठीचे. लांब कणा आणि आखूड पाय यांमुळे मणक्यांमधली चकती सरकण्याचा धोका या जातीत इतर जातींपेक्षा खूप अधिक असतो. खाटेवरून उडी मारू देऊ नये, उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली द्यावा, आणि वजन वाढू देऊ नये. एखाद्या सकाळी तो मागचे पाय ओढत चालू लागला, तर तेल चोळत बसू नये. त्याच दिवशी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत न्यावे. अशा दुखण्यात दोन दिवस वाट पाहिल्याने पाय कायमचे जाऊ शकतात.

फवारणीचे आपण विचारले, ते बरे केले. जमिनीलगत चालणारा कुत्रा फवारलेल्या पऱ्हाटीतून गेला, की त्याचे पोट, छाती आणि पंजे ओले होतात, आणि घरी येऊन तो ते चाटून काढतो. पंपाखाली सांडलेले पाणी, औषध कालवलेली बादली, फवारणाऱ्याचे ओट्यावर टाकलेले कपडे, यांवर त्याची जीभ जातेच. फवारणीच्या दिवशी आणि त्यानंतर दोन-तीन दिवस त्याला घरात ठेवावे. तोंडातून लाळ गळणे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होणे, अंगाला कंप सुटणे ही लक्षणे दिसली, तर हातात प्लास्टिकची पिशवी घालून साबणाने अंग धुवावे आणि औषधाची बाटली किंवा खोके बरोबर घेऊन दवाखान्यात जावे. उतारा कोणता द्यायचा हे त्या लेबलावरून ठरते. गुरांना विषबाधा होते म्हणून काही उतारे ग्रामीण दवाखान्यातही असतात.

हे सर्व पाळणे जमणार असेल तर डॅशहंड घ्यावा. मन साशंक असेल, तर वरच्या उत्तरातला लहान स्पिट्झ आपल्या दोघींना अधिक मानवेल. तो बिळात शिरत नाही.

प्रश्न (एक दुग्ध व्यावसायिक, ता. मोर्शी, जि. अमरावती) : मुलीने शिह त्झू आणला आहे. आमच्याकडे बारा म्हशी आहेत, त्यामुळे त्याच्या अंगावर सारख्या गोचिड्या होतात. गोठ्यात फवारतो तेच औषध थोडे पातळ करून लावले तर चालेल काय?

उत्तर : चालणार नाही, आणि 'थोडे पातळ' या दोन शब्दांनी किती कुत्री गेली याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. म्हैस चारशे-पाचशे किलोंची, शिह त्झू पाच-सहा किलोंचा. म्हैस अंग फारसे चाटू शकत नाही, कुत्रा चाटतो. शिवाय लहान अंगाचा वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा असतो, म्हणून कातडीतून शोषले जाणारे औषधही त्या प्रमाणात अधिक होते. गोठ्यातल्या औषधाने कुत्रा सुस्त पडतो, अंग गार होते, नाडी मंद होते, आणि मालक म्हणतो की औषध लावल्यापासून शांत झाला.

कुत्र्यांसाठी गोचिडीच्या वेगळ्या गोळ्या आणि मानेवर टाकायचे थेंब मिळतात. ते वजनाच्या गटानुसार असतात, म्हणून वजन अंदाजाने सांगू नये. किराणा दुकानाच्या काट्यावर थैलीत घालून तोलावे. आमच्या गावचा दुकानदार पहिल्यांदा हसला, नंतर त्यानेच आपला कुत्रा तोलला. गोळीचे अर्धे-पाव तुकडे करून दोन कुत्र्यांना वाटणे, म्हशीचे गोचिडीचे इंजेक्शन थेंबभर देणे, हेही करू नये.

केवळ कुत्र्यावर उपचार करून भागणार नाही, हे आपण जाणताच. कुत्र्याची तपकिरी गोचीड रक्त पिऊन अंगावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत, कवेलूंच्या खाली अंडी घालते. तो झोपतो तेथील फटी चुन्या-सिमेंटने बुजवाव्यात. गोचिडीतून येणारा ताप लहान कुत्र्याला लवकर खचवतो. दोन दिवस अन्न सोडले, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आले, तर रक्त तपासून घ्यावे.

शिह त्झूचे केस स्पिट्झसारखे नसतात, ते माणसाच्या केसांसारखे वाढतच राहतात. म्हणून या जातीचे केस उन्हाळ्यात बोटाच्या एका पेराएवढे ठेवून खुशाल कापावेत. त्यामुळे गोचीड दिसते, शेणाचे गोळे चिकटत नाहीत, आणि दिवाळीच्या सुमारास गवत वाळले की जी कुसळे लागतात त्यांचाही बंदोबस्त होतो. कुसळ कानात किंवा बोटांच्या बेचक्यात शिरले, तर ते आपल्या दातऱ्यांमुळे पुढेच सरकत जाते, मागे येत नाही. वावरातून आल्यावर चारही पंजे आणि दोन्ही कान पाहण्याचे काम मुलीकडेच सोपवावे, कुत्रा तिनेच आणला आहे. शिह त्झूचे तोंडही चपटे असते, तेव्हा पगविषयी वर लिहिलेले आपणही वाचावे.

प्रश्न (एक विद्यार्थिनी, ता. काटोल, जि. नागपूर) : कपात मावणारा 'टीकप' चिवावा मोबाईलवर विकायला दिसला. ही वेगळी जात आहे काय?

उत्तर : नाही. चिवावा ही मेक्सिकोची जात असून ती जगातील सर्वांत लहान समजली जाते. वजन तीन किलोंच्या आत असते. 'टीकप' हे विकणाऱ्यांनी दिलेले नाव आहे. त्या नावाखाली वाढ खुंटलेली किंवा फार लहान वयाची पिल्ले जादा दराने विकली जातात. एवढ्या लहान पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा नसतो. एक जेवण चुकले, तर ते लडखडते आणि झटके येऊन पडते. घरात धावणारी मुले, पाटावर बसणारी माणसे आणि अंगणात कोंबडा असेल, तर हा कुत्रा घेऊ नये.

प्रश्न (एक माळकरी कुटुंब, ता. मेहकर, जि. बुलढाणा) : आमच्या घरी कांदा-लसूण चालते, पण मांस-अंडी येत नाहीत. पाच किलोंचा कुत्रा शाकाहारावर जगेल काय? सध्या त्याला सकाळी एक आणि संध्याकाळी एक भाकर दुधात कुस्करून देतो. तो खूप लठ्ठ झाला आहे.

उत्तर : जगेल. कुत्रा मांजरासारखा निव्वळ मांसाहारी नाही, हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्यावर वाढल्याने त्याला पिष्ठमय अन्न पचते. अडचण मांसाची नसून भाकरीची आहे. शंभर ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकर म्हणजे सुमारे साडेतीनशे कॅलरी, आणि पाच किलोंच्या, बेताचे हिंडणाऱ्या कुत्र्याची दिवसभराची गरजही साधारण तेवढीच असते. आपण दोन भाकरी देता, वर दूध. सत्तर किलोंच्या माणसाच्या ताटात हातभर उंच चवड वाढावी, तसे ते झाले. लठ्ठपणाने लहान कुत्र्याचे गुडघे सरकतात आणि श्वासनलिका दबून त्याला खोकला लागतो.

दिवसभरात मिळून पाऊणच भाकर द्यावी आणि राहिलेली जागा प्रथिनांनी भरावी. मुगाचे घट्ट वरण, दही, पनीर, आणि आपल्या भागात सोयाबीन पिकतेच, तर शिजवून पिळलेली सोयावडी. दुधाने वाढ पुरी झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना हगवण लागते, ताक किंवा दही चालते. वरणात फोडणी नको. कांदा आणि लसूण, कच्चा असो वा शिजलेला, कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतो. मोठ्या गावठी कुत्र्याने भाजीचा रस्सा चाटला तर बहुधा निभावते, पाच किलोंच्या अंगाला तेवढ्यानेही कावीळ होऊ शकते. द्राक्षे आणि मनुका मूत्रपिंडाला घातक आहेत, म्हणून प्रसादाचा शिरा देताना त्यातल्या मनुका वेचून काढाव्यात, किंवा त्याहून बरे म्हणजे प्रसाद माणसांनीच खावा. चॉकलेट देऊ नये. ताप आला म्हणून आपली तापाची गोळीही देऊ नये. नुसत्या मऊ अन्नाने लहान कुत्र्यांचे दात फार लवकर किटतात, तेव्हा कच्चे गाजर चघळायला द्यावे आणि जमल्यास बोटाला कापड गुंडाळून दात पुसावेत.

फक्त शाकाहारावर ठेवलेल्या कुत्र्याचे रक्त वर्षातून एकदा तपासून घ्यावे. पिल्लू असेल किंवा मादी गाभण असेल, तर घरच्या अन्नावर विसंबू नये, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने तयार खाद्य किंवा पूरक पावडर जोडावी.

प्रश्न (एक शिक्षक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर) : आमची लहान स्पिट्झ मादी रात्री ओसरीत साखळीला असते. गावात बिबट येतो. तसेच ती माजावर आली की गावठी कुत्रे दाराशी बसतात. काय करावे?

उत्तर : रात्री आत घ्या. बिबट्याला कुत्रा हे सोपे भक्ष्य आहे. साखळीला बांधलेले तर वाढून ठेवलेले ताटच. कुत्रा आत असला, तर त्या ओसरीवर येण्याचे बिबट्याचे एक कारणही कमी होते, आणि ते घरातील लहान मुलांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसबंदी हेच आहे. गावठी नर पंधरा-वीस किलोंचा असतो. त्याचा गर्भ पाच किलोंच्या मादीच्या पोटात वाढला, की सुमारे त्रेसष्ट दिवसांनी रात्री-बेरात्री पिल्लू अडते, आणि शस्त्रक्रिया करणारा माणूस साठ-सत्तर किलोमीटर दूर असतो. माजावरची मादी पुढल्या दारी ठेवून मागल्या दाराला कडी न लावणारे मालक मला दर वर्षी भेटतात.

प्रश्न (एक वाचक, ता. आरमोरी, जि. गडचिरोली) : शेजाऱ्यांच्या पामेरियन कुत्र्याचे आणि गल्लीतल्या गावठी कुत्रीचे एक पिल्लू आम्ही ठेवले आहे. दहा महिन्यांचे झाले, नऊ किलो भरते, कान एक उभा आणि एक पडका आहे. उन्हाळा सहज काढला. लसीच्या कार्डावर 'जात' असा रकाना आहे, त्यात काय लिहावे? आणि चण लहान म्हणून लस कमी द्यावी काय?

उत्तर : आपले पत्र वाचून फार बरे वाटले. लांब नाक, आखूड-मध्यम केस, नऊ किलो वजन आणि आईकडून आलेला गल्लीचा काटकपणा, एवढे गुण विकत घ्यायला गेलात तर एका जातीत सहसा सापडणार नाहीत. एक सावधगिरी मात्र आहे. ज्याची जात महाग, त्याला लोक दवाखान्यात आणतात आणि ज्याला जात नाही त्याला आणत नाहीत. आपण कार्ड काढले, म्हणजे आणले आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, चार महिन्यांचे होईपर्यंत पार्व्हो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांची लस आणि तीन महिन्यांच्या वयाला रेबीजची लस, असा साधारण क्रम असतो. त्यातले काही राहून गेले असल्यास आता पूर्ण करून घ्यावे, आणि रेबीजची दर वर्षी न चुकता द्यावी. त्याने खेळता खेळता कोणाला ओरखडले वा चावले, तर घरचा लहानसाच कुत्रा आहे असे म्हणून सोडू नये. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सल्ला घ्यावा.

या अंकात औषधापासून भाकरीपर्यंत सगळे वजनावर मोजा असे मी सांगत आलो, पण लस त्याला अपवाद आहे. ती शरीराला शत्रूची ओळख करून देण्यासाठी असते आणि ती मात्रा अंगाच्या आकारावर ठरत नाही. दोन किलोंच्या चिवावाला जेवढी, तेवढीच चाळीस किलोंच्या कुत्र्याला, सहसा पूर्ण १ मिली. ती अर्धी करू देऊ नये. आणि जातीच्या रकान्यात 'मिश्र' असे लिहावे, त्यापुढे कंसात कानाची खूण नोंदवावी, म्हणजे हरवला तर ओळख पटवायला उपयोगी पडेल.